डाव्या बाजूची चावी

आई गेली तेव्हा मी दादरला मंडईबाहेर फरसबी निवडत होते. माझ्या मुलीचा, मीनलचा, फोन आला. "आई... आजी गेली." मी "बरं" म्हटलं. मग अर्धा किलो फरसबी घेतली, वर मूठभर कोथिंबीर मागितली आणि भाजीवालीशी तिच्या गुडघ्यांबद्दलही दोन शब्द बोलले. घरी पोचले तोवर शेजारच्या दोघी आईच्या अंघोळीच्या तयारीला लागल्या होत्या. त्यांतल्या एकीने आईच्या पोलक्यातून काढलेली चावी माझ्या हातात ठेवली. चावी अजून कोमट होती. फरसबी किती आणि कशासाठी घेतली, याची चौकशी करायला घरात आता कोणी उरलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आज त्याला सहा आठवडे झाले.

ही चावी काळाचौकीच्या आमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची. कपाटात असायचं काय? आईची चार चांगली लुगडी, देवाचं चांदीचं तबक आणि आम्हा भावंडांचे शाळेचे दाखले. पण त्याची चावी पोलक्यात, डाव्या बाजूला, रुमालात गुंडाळून ठेवलेली. आई उजव्या हाताची, म्हणून चावी डावीकडे. उजवा हात आत जायचा आणि चावी घेऊन बाहेर यायचा. आमच्याकडे गिरणीतली गाववाली माणसं दोन वेळा जेवायला यायची. भाकऱ्या थापता थापता पिठाचा हात पुसून, पंधरा पुरुषांसमोर तोंड जरा भिंतीकडे वळवून आई चावी काढायची, आणि कोणाचीही मान वर होत नसे. त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. मला मात्र वाटायला लागलं, मी फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा. एकोणीस वर्षांची, गॉगल लावून बसस्टॉपवर उभी राहणारी, एरवी तोंडात मालवणी आणि कचेरीत शिरताना पुण्याची मराठी. एकदा आई देवगडला गावी निघाली, तर चावी द्यायला थेट कचेरीत आली. हेडक्लार्कसमोर तिने पोलक्यात हात घातला आणि चावी माझ्या टाइपरायटरवर ठेवली. मी त्या दिवशी दुपारचं जेवले नाही, इतकी शरम वाटली. पुढच्या पगारात तिच्यासाठी साखळीची पर्स आणली. तिने ती डोळे भरून पाहिली, मऊ आहे म्हणाली, कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी पोलक्यात टाकली. ती पर्स अजून तिथेच आहे.

सहा वर्षांपूर्वी, श्रावणात, मी तिला भेटायला काळाचौकीला गेले होते. आई तेव्हा ऐंशीची आणि मी साठीची. साठाव्या वर्षी आपल्याला सगळं कळतं, असं ज्याला वाटतं तो माणूस फार धोकादायक असतो. मी तेव्हा तशी होते. आईला तबक काढायचं होतं. तिने डावा हात पोलक्यात उजवीकडे घातला. चावी अडकली, रुमाल अर्धा बाहेर आला. तिने मान न वळवताच माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे.

"चावी इकडे कधी आली?"

"घामाचा फोड आसा तकडे. टोचता."

मी दार लावून घेतलं. फोड नव्हता. सुपारीएवढी गाठ होती, दगडासारखी, जागची न हलणारी. शिमग्यात हाताला लागली म्हणाली. म्हणजे पाच महिने झाले होते. त्या वेळी मीनलला सातवा महिना होता, आणि पोटुशी बाई असलेल्या घरात असलं काही बोलत नाहीत. मग बाळ झालं, मग बारसं झालं, मग मी नातवंडाच्या दुपट्यांत बुडालेली. "तू इचारलंस खंय?" एवढंच ती म्हणाली. खरंच, मी विचारलं नव्हतं. त्या पाच महिन्यांत मी तिच्याकडे किमान दहा वेळा गेले असेन. दहाही वेळा तिने कपाट उघडलं असेल, आणि दहाही वेळा मी मोबाइलवर आधी डोहाळजेवणाचे, मग बाळाचे फोटो दाखवत बसले असेन.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. नंबर, कागद, पुन्हा नंबर. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. मग सुई घालून गाठीचा तुकडा काढला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लक्षणं चांगली नाहीत, तरी तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू या. आठ-दहा दिवस लागतील. मी आईजवळ आले आणि चरबीची गाठ आहे म्हणाले. वयामुळे होते, नुसती खात्री करून घेताहेत. इतकी सहज म्हणाले की माझं मलाच कौतुक वाटलं. त्या रुग्णालयात सगळ्या प्रकारचे आजार बघतात, असंही ठोकून दिलं. समोरच्या बाकड्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या सहा बायका बसलेल्या होत्या. आई त्यांच्याकडे पाहत होती. मी म्हटलं, थांब, तुझ्यासाठी चहा आणते.

ते थांबणं काय होतं, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. दिवस पुढे जातच नव्हते. मी घरी पोळ्या लाटायचे आणि पोळी तव्यावर काळी होईतो बघत राहायचे. आईसमोर मात्र हसरी. रोज दादरहून काळाचौकीला जायचे, काहीतरी गंमत सांगायचे, ती हसायची. भावाला, मीनलला, शेजारच्या खोलीतल्यांना, सगळ्यांना मी पढवून ठेवलं होतं, की चरबीची गाठ, दुसरा शब्द काढायचा नाही. साठीची मुलगी ऐंशीच्या आईला सांभाळत होती... मला तर तेव्हा असंच वाटत होतं.

त्यातच गणपती आले. आमचा गणपती काळाचौकीच्या खोलीतच बसतो. आरती झाली की भिकाजीमामा, म्हणजे आईचा चुलतभाऊ, गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून घरातल्या सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात मागणं. तो एकेक मागतो आणि जमलेले सगळे "होय महाराजा" म्हणतात. देवावर माझा फारसा विश्वास नाही. पण रिपोर्ट आणायला दोन दिवस उरले होते. मी मामाला जिन्यात गाठलं, हळूच सगळं सांगितलं आणि म्हटलं, आईसाठी पण एक शब्द टाक. मामाने मान डोलावली. मनातल्या मनात टाक, हे सांगायचं मला सुचलंच नाही. साठ वर्षं गाऱ्हाणी ऐकली, पण मनातल्या मनात घातलेलं गाऱ्हाणं नसतं, हे माझ्या हुशार डोक्यात आलं नाही.

खोलीत तीसेक माणसं होती, दारात आणि गॅलरीत आणखी. मामाने हात जोडले. पोरांच्या परीक्षा झाल्या, होय महाराजा. कोणाच्या तरी मुलीचं लग्न झालं, होय महाराजा. मग त्याने आवाज चढवला, देवाला नीट ऐकू जावं म्हणून. "आणि आमच्या द्वारकेच्या छातीत जी गाठ इली हा, ती वायट आसा असा डॉक्टर म्हणता... त्या गाठीचा पाणी करून टाक रे महाराजा!"

टाळ हातातच राहिले. भाऊ माझ्याकडे पाहत होता आणि मी गणपतीच्या सोंडेकडे. मग माझ्या शेजारून एक आवाज आला, स्वच्छ, न कापणारा.

"होय महाराजा," आई म्हणाली.

तिच्या मागून सगळे म्हणाले. मी अजून सोंडेकडेच पाहत होते.

माणसं पांगल्यावर ती मोरीपाशी प्रसादाच्या वाट्या विसळत बसली. मी शेजारी बसून माफी मागायचे शब्द जुळवत होते, तर तीच म्हणाली, "माका पयल्याच दिवशी कळला. थंय बाकड्यार बसलेल्या बायका काय सर्दी झाली म्हणान येतत?" त्यांतल्या एका साताऱ्याच्या बाईने तिला सगळं समजावून सांगितलं होतं, केस जातात, तोंडाची चव जाते, हेही. मी चहा आणायला गेले होते तेव्हा.

"मग बोलली का नाहीस?"

"तू येवढा मन लावन खोटा बोलत होतंस. मोडूक जीवार इला." तिने वाटी उपडी घातली. "ल्हानपणी खोटा बोललंस काय माका पाणी आणून देय होतंस. आता च्या देतंस. ह्या आठ दिवसांत माझ्या पोटात नुसतो च्या गो."

मला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. ती मला रडू देत उरलेल्या वाट्या विसळत राहिली. मग म्हणाली, "गाठ माझी आसा, शालन. कागद आणूक जाशीत तेव्हा माका घेऊन जा."

आठ दिवस ती एकटी घाबरली होती आणि मी एकटी घाबरले होते. एका खोलीत बसून, एकमेकींना हसवत. ते आठ दिवस मला कोणी परत दिले तर मी काहीही करणार नाही, नुसती तिच्याजवळ बसेन, घाबरून.

रिपोर्टला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीणबाई सवयीने माझ्याकडे वळून बोलू लागल्या, तर आईने टेबलावर बोट आपटलं. "बाय, माझ्याकडे बघून बोल." त्या बोलल्या. सगळं सांगितलं. आई मध्येमध्ये "होय, होय" करत होती. डावा स्तन काढावा लागला. औषधांनी केस गेले, तेव्हा आता फणी शोधूची नको म्हणाली. टाके सुकल्यावर घरी पहिल्यांदा पोलकं घातलं आणि सवयीने चावी डावीकडे टाकली... तर ती सरळ घसरून जमिनीवर पडली. खण्णकन् आवाज झाला. आई त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून उभी राहिली. आधी हसली. मग कितीतरी वेळ हसली नाही. त्या दुपारी मी तिच्या पोलक्याला आतून, डावीकडे, एक खिसा शिवला. मला शिवणकाम येत नाही, खिसा वाकडा झाला. तिने तो चाचपून पाहिला आणि बाकीच्या पोलक्यांनाही असाच वाकडा लाव म्हणाली.

पाच वर्षं मिळाली. मग दुखणं हाडांत उतरलं आणि मी तिला दादरला घेऊन आले. शेवटचे महिने वाईट होते, ते मी लिहिणार नाही. कपाट काळाचौकीला आणि चावी दादरला, मी शिवलेल्या वाकड्या खिशात. शिमग्यात सांगितलं असतं तर, असं ती कधी म्हणाली नाही. मी रोज म्हणते. विचारलं असतं तर.

चावी आता मी ठेवते, माझ्या ब्लाउजमध्ये, डाव्या बाजूला. टोचते. फोर्टातली ती गॉगलवाली मला पाहती तर दुपारचं काय, रात्रीचंही जेवली नसती.

आईमुळे दर वर्षी माझीही तपासणी होते. गेल्या आठवड्यात झाली. हल्ली रिपोर्ट थेट मीनलच्या मोबाइलवर येतो. आज सकाळी तिने मला चहा आणून दिला. सुट्टी नसताना घरी थांबली. आत्ता, मी हे लिहितेय तर, दुसरा कप घेऊन आली आणि टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मी चावीवरून हात फिरवला. कप बाजूला सारला.

"मीनल," मी म्हटलं, "माझ्याकडे बघून बोल."