फळ्यावरची भाजी

क्लबचा फळा माझ्याकडे आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि पक्की दीडशहाणी होते. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्लब होता. दोन खोल्या, एक कॅरम, पुस्तकांचं एक कपाट, आणि बाहेर रस्त्याकडे तोंड करून भिंतीवरचा मोठा काळा फळा. कोणाकडे लग्न, नळ कधी येणार, बॅडमिंटनचा सामना किती वाजता, सगळं त्याच्यावर. शेजारचे काका तो कित्येक वर्षं लिहीत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ऑपरेशन ठरलं, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून क्लबवाल्यांनी खडूचा डबा माझ्या हातात दिला.

काकांचा फळा म्हणजे नुसती खिचडी. निधनवार्तेच्या खाली कॅरमचा निकाल, त्याच्या पोटात कोणाची हरवलेली छत्री. आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात रोज एक ओळ: ‘आज भाजी – वांगे.’ उद्या पालक, परवा तुरीच्या शेंगा. काकांच्या घरी त्या दिवशी काकूंनी काय शिजवलं ते! सगळी वस्ती हसायची.

आता माहीत आहे म्हणून आधीच सांगून टाकते. ती ओळ त्यांच्या मुलासाठी होती. आम्ही त्या गल्लीत राहायला येण्याआधीच बाप-लेकाचं भांडण झालं होतं, काका रागाच्या भरात बोलून गेले होते, ‘मी मेलो तरी या घराची पायरी चढू नको.’ मुलगा शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला लागला, तिथंच खोली करून राहिला. पण रोज सकाळी सायकलनं येऊन फळा वाचून जायचा. वाडीहून कुठंही जायला प्रताप नगर वाटेत लागत नाही. मुद्दाम यावं लागतं. भाजी लिहिली आहे म्हणजे चूल पेटली आहे, म्हणजे घरी सगळे धड आहेत. बाप-लेकात तेवढाच एक धागा उरला होता. दोघंही त्याबद्दल कधी बोलले नाहीत. काकूंना ठाऊक होतं, मला नव्हतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी काकांनी मला शिकवलं. “खडू साखरेच्या पाण्यात भिजवजो, अक्षर उडत नाही. फळा ओला असताना लिहू नको. अन् या कोपऱ्याले हात लावू नको. भाजीचं रोज काकूले विचारून लिहजो.”

“काहून काका? क्लबात भाजीचं काय काम?”

“असू दे वं. लिहजो.”

सांगितलं असतं तर! पण त्यांच्या तोंडून मुलाचं नाव निघत नव्हतं, आणि मला कोणाचं ऐकायची सवय नव्हती.

पहिले दोन दिवस माझे धिंडवडेच निघाले. ओळी चढणीला लागल्यासारख्या वर जायच्या, शेवटचे शब्द मावायचे नाहीत, साखर जास्त झाली की मुंग्या लागायच्या. मग मी डोकं लावलं. सुतळीला खडू चोळून सरळ रेघा मारल्या, तीन रकाने पाडले. निधन वेगळं, खेळ वेगळे, सूचना वेगळ्या. कडेनं रांगोळीची वेलबुट्टी काढली. आणि भाजीची ओळ पुसून त्या कोपऱ्यात गुलाबी खडूनं चौकट केली: ‘आजचा सुविचार’. सगळे म्हणाले, वा गं वा, फळ्याचं रूपच पालटलं! मी हवेत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी फळा लिहीत होते, तर एक सायकलवाला येऊन थांबला. पंचविशीचा असेल. एक पाय जमिनीवर टेकवून खूप वेळ वाचत राहिला. मला वाटलं, वेलबुट्टी पाहतोय.

“चार दिवस येणं नाही झालं. पहिलेचे काका दिसून नाही राहिले जी?” त्यानं विचारलं.

“ते गेले. आता मीच लिहून राहिली,” मी म्हटलं.

“कधी?”

“सोमवारी.”

त्यानं जमिनीवरचा पाय पेडलवर ठेवला. मग म्हणाला, “अक्षर चांगलं आहे तुमचं.” आणि सायकल वळवून गेला.

ते गेले! आमच्या आईनं लहानपणापासून तोंड झिजवलं होतं, दारातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. मी ‘दवाखान्यात गेले’ या अर्थानं म्हणत होते. पण नवं अक्षर, कोपऱ्यात भाजी नाही म्हणजे घरात चूल नाही, आणि वर माझं ‘गेले’. त्यानं दुसरं काय समजावं?

बाराव्या दिवशी काका डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून घरी आले. मी भेटायला गेले तर पहिला प्रश्न, “भाजीचं लिहून राहिली ना, पोरी?”

त्यांना दिसत नव्हतं. मी म्हटलं, “हो काका.”

घरी न जाता सरळ क्लबवर गेले आणि सुविचार पुसून ‘आज भाजी – मेथी’ लिहिलं. झालं, निस्तरलं, असं वाटलं. सहा दिवस मी ते खोटं सांभाळलं. सातव्या दिवशी भाजी विचारायला गेले तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, “नीट मोठ्या अक्षरात लिही वं. माझं पोरगं येते वाचाले, सायकलनं. दिसला का तुले?”

तिथंच चुलीपाशी बसून मी रडत रडत सगळं सांगितलं. काकूंचा भाऊ लगेच वाडीला गेला. खोलीला कुलूप होतं. घरमालक म्हणाला, पोरानं मुंडण केलं होतं, दहा दिवस जमिनीवर झोपला, अळणी खाल्लं. तेरवीला चार ड्रायव्हर लोकांना जेवू घातलं. आणि काल सकाळी मद्रासच्या ट्रकवर बसून गेला, पत्ता कोणाकडे नाही.

काल सकाळी. मी बाराव्या दिवशी खरं बोलले असते तर तो वाडीतच होता.

काकांना मीच सांगितलं. पट्टीखालून पाणी आलं तर काकू ओरडल्या, “रडू नका, डोळे जातीन!” काका माझ्या डोक्यावर हात ठेवायला चाचपडत होते. “तू ‘गेले’ म्हटलं, पोरी. मी तर ‘मेलो’ म्हटलं होतं. तेच ऐकलं त्यानं.” शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी वेलबुट्टी काढली नाही. भाजी मात्र एक दिवस चुकली नाही. लग्न झालं ते दोन गल्ल्यांपलीकडेच, तेव्हाही रोज काकूंच्या दारात जाऊन विचारायची. ट्रकवाले परत येतात, असं काका म्हणायचे. अकरा वर्षं म्हणत होते.

मग काका खरंच गेले. मी साखरेच्या पाण्यात खडू भिजवला आणि सगळ्यात वर त्यांचं नाव लिहिलं. क्लबचे सेक्रेटरी शेजारी उभे होते. म्हणाले, “ताई, कोपरा राहिला तुमचा.”

“राहिला नाही,” मी म्हटलं, “आज त्यांच्याकडे चूल पेटली नाही.”

दुपारपर्यंत मी तिथून हलले नाही. रस्त्यानं पुष्कळ सायकली गेल्या. एकही थांबली नाही.