दात दाखवायचे नाहीत

शिरोड्याच्या बाजारात प्लासिदने तीस वर्षं फोटो काढले आणि तीस वर्षं लोकांना गप्प बसवलं. मान सरळ, खांदे खाली, दात दाखवायचे नाहीत. पासपोर्ट असो की साखरपुडा, त्याच्या स्टुडिओत हसायची सोय नव्हती.

बायको कोन्सेसांव गेली, तेव्हा महिन्याच्या मिस्साचं, म्हणजे तिच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेचं, कार्ड छापायला तिचा फोटो हवा होता. ढीगभर निघाले, सगळे त्यानेच काढलेले, सगळ्यांत तोंड मिटलेलं. त्यातल्या त्यात बरा निवडला. घरी मासे घालणारी गंगू कार्ड बघून म्हणाली, "पात्राव, ही आमची बाय न्हय. ही फोटो काढूक बसलली कोणतरी."

खरं होतं, म्हणूनच ते त्याला लागलं. बायकोचं राहून गेलं ते गेलंच. पण निदान एक जिवंत माणूस आहे तसं टिपायचं, मग डोळे मिटायचे, असं त्याने ठरवलं.

स्टुडिओ बंद करून स्वारी कॅमेरा घेऊन बाजारात उतरली आणि फजिती झाली. त्याला बघताच चहावाला दत्ताराम हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा. भाजीवाल्या पदर सारखे करून गप्प. गावाला ही शिस्त लावली कोणी, तर याच गृहस्थाने. आता बोंब कोणाच्या नावाने मारणार? मुलगा ॲल्स्टन म्हणाला, स्कूटर घ्या, झटकन काढा आणि पुढे व्हा. स्कूटरवरून काढलेल्या फोटोंत लोक तसेच ताठ आले, शिवाय हललेले.

मग तो नुसता चालू लागला. रोज सकाळी चर्चपासून मासळी बाजारापर्यंत, कॅमेरा पोटावर, हात पाठीमागे. डोक्यात एकच विचार, माणूस स्वतःसारखं असतं तरी कधी? तीन महिन्यांत लोकांना त्याची इतकी सवय झाली, की कोणी मानही वर करेना. आणि चालता चालता त्याला दिसायला लागलं. भाव करताना गंगूचा चेहरा दगड. गिऱ्हाईक पाठ फिरवून चार पावलं गेलं, की शेजारणीकडे बघून ती खदखदून हसते. ऊन कुठून येतं ते त्याने आठवडाभर पाहिलं आणि एका गुरुवारी नेमका त्या चौथ्या पावलाला तिथे पोचला.

फोटो तिला द्यायला गेला तेव्हा त्याला धाकधूक होती. पानाने रंगलेले दात, त्यातला एक पडलेला. बाई रागावली तर? गंगूने ओल्या बोटांनी कडा धरून कितीतरी वेळ बघितलं.

"ह्यो माका दी," ती म्हणाली. "मी गेलंय काय भिंतीर ह्योच लावूक सांगतलंय."

प्लासिदचे डोळे भर बाजारात भरून आले. असल्या फोटोला हार घालतात का, असं त्याने विचारलं.

"घालांदेत," गंगू म्हणाली. "कोणाक घालतत, ता तरी तेंका कळात."