यशूची नोंद व्हायची होती तेव्हा

कोल्हापूर सोडलं तो दिवस मला अण्णांच्या आवाजासकट आठवतो. साल नव्याण्णव. मुंबईला जाणारी खासगी बस सुटायला वीस मिनिटं होती आणि माझे वडील खिडकीखाली उभे राहून माझी कागदपत्रं तिसऱ्यांदा तपासत होते. नर्सिंगची सर्टिफिकेटं, इंग्लंडच्या हॉस्पिटलचं पत्र, पासपोर्ट, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. आई डोळे पुसत होती, धाकटा भाऊ संदीप बॅगांवरून क्लीनरशी भांडत होता. अण्णा एवढंच म्हणाले, "फाईल वर ठेवू नकोस. मांडीवर घे."

अण्णा ग्रामसेवक होते. शाहूवाडीच्या डोंगरातल्या गावांत तीस वर्षं त्यांनी जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहिल्या. आमच्या घराण्यात शिकून नोकरीला लागलेले ते पहिले. आजोबांना स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती, याचं अण्णांना फार लागायचं. कुणाच्या घरी पाळणा हलला की हा माणूस पेढा खाण्याआधी विचारायचा, "नोंद केलीसा का?"

इंग्लंडमधल्या त्या लहान गावात मी वॉर्डात ड्यूटी करायला शिकले, पायमोजे घालून झोपायला शिकले. सहा महिन्यांनी नवरा, मिलिंद, आला. दोन वर्षांनी यशोधरा झाली, आमची यशू. तिथं जन्मली म्हणून ती तिथली झाली नाही, कारण आम्ही कामाच्या परवान्यावर होतो. भारताची व्हायची तर आपल्या वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. तो अर्ज आम्ही टाकला होता, उत्तर यायचं होतं. यशू अडीच महिन्यांची होती आणि कागदावर कुठल्याच देशाची नव्हती. आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. दूध पीत होती, हसत होती, आणखी काय पाहिजे?

मग संदीपचा फोन आला. "ताई, अण्णांस्नी झटका आलाय. उजवी बाजू गेली. येतीस का बघ."

पोरीला मागं ठेवून जाणं शक्य नव्हतं आणि पासपोर्टाशिवाय तिला विमानात कुणी घेणार नव्हतं. मिलिंद आणि मी पहाटेच्या गाडीनं लंडनला गेलो. वकिलातीच्या खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एक तात्पुरता कागद करून दिला. "ह्यावर भारतात जाता येईल. परत येता येणार नाही. परतीसाठी पासपोर्ट तिकडेच काढावा लागेल," त्या दोनदा म्हणाल्या. मी दोन्ही वेळा मान हलवली. त्या क्षणी मला फक्त जायचं होतं.

घरी पोचले तेव्हा अण्णा कॉटवर होते. तोंड वाकडं झालं होतं, शब्द अर्धे येत होते. यशूला मी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. ते तिच्याकडं बघत राहिले. मग मी कागदाची सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांचं अंग हलायला लागलं. मला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते. "मा... माझ्याच नातीची नोंद न्हाय व्हय?"

पुढचे चार महिने मी कोल्हापुरात होते. लग्नानंतर एवढी सलग कधीच राहिले नव्हते. सकाळी अण्णांना व्यायाम द्यायचा, दुपारी पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसला पत्रं लिहायची. लंडनहून नोंदीचा दाखला आल्याशिवाय पुण्यात काही हलत नव्हतं. घरात मात्र दिवस भरलेले होते. शेजारच्या काकू ताज्या भाकरीचा पापुद्रा यशूच्या हातात द्यायच्या. आई तिला तेल चोळताना ओरडून गाणी म्हणायची. गल्लीतली माणसं दारातूनच विचारायची, "इंग्लंडची पावणी जेवली काय?"

दाखला आला आणि पोलीस चौकशीला एक हवालदार आले. चहा झाला. त्यांनी फॉर्म काढला. "अर्जदाराला बोलवा."

आईनं यशूला पुढं केलं.

हवालदार फॉर्मकडं आणि पोरीकडं बघत राहिले. "हिच्यावर काय गुन्हाबिन्हा?"

"हाय की," आई म्हणाली. "दुपारची कुणाला डोळा लावू देत न्हाय."

ते इतके हसले की बशी सांडली. पण कागद पुढं सरकायचा तो आपल्याच चालीनं सरकला. पासपोर्टनंतर तिचा इंग्लंडचा व्हिसा लागणार होता. आणि तेवढ्यात हॉस्पिटलचं पत्र आलं. माझी बाळंतपणाची रजा संपली होती, बिनपगारी वाढवलेलीही संपत आली होती. दिलेल्या तारखेला हजर झाले नाही तर नोकरी जाणार. तिकडंच राहिलेल्या मिलिंदचा परवाना माझ्या नोकरीवर होता. म्हणजे दोघंही कायमचे भारतात परत.

मी आईला म्हटलं, "राहू दे नोकरी. मी जात नाही."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आणि मग? अण्णांचं औषध तुझ्या पैशावर चाललंय. जा तू. पोरगी मी सांभाळतो."

मी गेले. ते दूर जाणं पहिल्यासारखं नव्हतं. यशू आईच्या कडेवर होती आणि रिक्षाच्या मीटरकडं टकाटका बघत होती. तिला काहीच कळलं नाही. मला पुण्यापर्यंत पान्हा फुटत राहिला. तुमच्यापैकी जे लेकरू मागं ठेवून गेले असतील त्यांना पुढचं सांगायला नको, आणि जे गेले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही.

आठ महिने मी फोनवर आई झाले. संदीप सांगायचा, अण्णा आणि यशू एकाच भिंतीला धरून चालायला शिकताहेत. कधी ही पडते, कधी ते बसतात. शेवटी व्हिसा लागला आणि मी आठ दिवसांच्या रजेवर तिला न्यायला आले. यशू आईच्या पदरामागं लपली. मला "मावशी" म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी तिचा पासपोर्ट मागितला, डाव्या हातानं डोळ्यांजवळ धरला आणि एकेक अक्षर वाचलं. "नाव बराबर हाय," म्हणाले आणि मला परत दिला. त्यानंतर ते दोन वर्षं जगले. गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचले.

आता आम्ही तिथले नागरिक आहोत. यशूचीही तिथं नोंद झाली, आणि दोन्ही देशांचं राहता येत नाही म्हणून तिचा तो निळा भारतीय पासपोर्ट आम्ही परत केला. आता कोल्हापूरला यायचं तर व्हिसाच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. मी "नातेवाइकांची भेट" असं लिहिते आणि दर वेळी पेन थोडं थांबतं.

गेल्या दिवाळीत आलो. यशू सात वर्षांची. दार आतून लावलेलं होतं, आई मागं कपडे वाळत घालत असावी. मी बॅगा खाली ठेवल्या आणि पाहुण्यासारखी कडी वाजवत उभी राहिले. यशूनं चपला काढल्या, दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून हात घालून आतली कडी सरकवली आणि "आज्जी!" ओरडत सरळ स्वयंपाकघरात गेली. हे तिला कुणी आणि कधी शिकवलं होतं, मला माहीत नव्हतं.

मी तिच्या मागून आत गेले.