कडू लाल पाणी

मानमोडीची साथ आली तेव्हा मी नंदुरबारच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. पावसानं दगा दिला होता आणि जी काही ज्वारी उभी होती तीही कापायला माणूस मिळेना. मान मोडून यायची, ताप चढायचा आणि धडधाकट माणूस बघता बघता हातचा जायचा. डॉक्टरसाहेबांकडे या आजाराला इंग्रजी नाव होतं. औषध कुठल्याच नावाला नव्हतं.

सकाळी दार उघडण्याआधी डॉक्टर आणि मी एकमेकांचा ताप बघत असू. मग ते आरशात आपली जीभ बघत, त्यांच्यामागून मी माझी. लग्नघरातली नवरीसुद्धा इतका आरसा बघत नसेल. हसू मात्र कुणालाच येत नसे. रांगेत कुणी खोकलं की तो खोकला माझ्याच छातीत उतरला असं वाटे. दिवसभर काम करायचो ते स्वतःच्या घशाकडे लक्ष ठेवून. पाणी प्यावंसं वाटलं तरी धसका बसे, ही नुसती तहानच ना?

घरी आई होती आणि बायको होती. बायको पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिला माझ्यापासून काही होऊ नये म्हणून मी घरी जाणं बंद केलं आणि दवाखान्याच्या ओसरीतच झोपू लागलो. ती भाकरी घेऊन येई, रस्त्यापलीकडच्या निंबाखाली फडकं ठेवी आणि लांब जाऊन उभी राही. मग मी जाऊन उचलायचो.

"ताप नही ना तुमले?" ती तिथूनच विचारी.

"नही. तू घर जाय."

एवढाच आमचा संसार उरला होता.

पुढे नुसतं ताप उतरवायला देत होतो ते क्विनाइनही संपलं. धुळ्याला तारा केल्या, उत्तर आलं, साठा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण रनाळ्याकडून, तापीकाठच्या गावांतून गाड्या येतच होत्या, आणि प्रत्येकाच्या हातात घरची बाटली. तेलाची, अत्तराची, सापडेल ती. रीतच तशी होती, बाटली दुखणेकऱ्याची आणि औषध सरकारचं. शिवाय ते लाल आणि कडू नसलं तर लोकांना औषध वाटतच नसे. डॉक्टर म्हणाले, "काडेचिराईत उकळा, रंग घाला. रिकामी बाटली परत पाठवू नका. तेवढाच लोकांना धीर." मी त्या कडू काड्यांचं पातेलं चढवलं. बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची तीही पूर्वीसारखीच चिकटवत राहिलो. लोक हात जोडून जात. त्या जोडलेल्या हातांचा मला संताप येई. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग एक दिवस डॉक्टरांनाच हुडहुडी भरली. त्यांना गाडीत घालून स्टेशनावर नेलं. ते पुन्हा काही आले नाहीत, आणि पातेल्यापाशी मी एकटा राहिलो.

त्यानंतर एका दुपारी रांगेत आई दिसली. तिच्या हातात भाकरीचं फडकं नव्हतं, आमच्या घरची एरंडेलाची बाटली होती. कंपाउंडरची आई म्हणून ती पुढे घुसली नाही, आपल्या पाळीनं आली.

"तिले ताप भरना," ती म्हणाली. "घट्ट दे रे पोऱ्या. पानी नको टाकू. तुन्हा हातले गुण शे, आख्खं गाव सांगस."

तिच्यामागे बाया होत्या, म्हातारे होते, गाडीत आडवी केलेली माणसं होती. सगळे आमच्याकडेच बघत होते. मी पातेल्यातलं पाणी भरलं. बाटली गळ्यापर्यंत भरली, जास्त घातल्यानं जसा काही जास्त गुण येणार होता! आई ती पदराखाली धरून लगबगीनं निघून गेली.

रांग आवरून घरी पोचलो तर दाराशी शेजारी जमले होते. बायको गेली होती आणि पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं होतं. भाकरी घेऊन येत होती तेव्हापासूनच म्हणे अंगात कसकस होती. निंबाखाली उभं राहून माझ्या तापाची चौकशी करत होती आणि स्वतःचा ताप अंगावर काढत होती.

स्मशानातून परत आलो. आईनं कोनाड्यातून बाटली काढली. ती तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती.

"तिनी एक घोटबी लिधा नही," आई म्हणाली. "म्हने, त्या दिनभर आजारी लोकसमां ऱ्हातस, त्यासलेच लागी. ठेवा." औषध तिनं माझ्यासाठी राखलं होतं.

मी त्या बाटलीकडे बघत राहिलो. हे औषध नाही, हे पाणी आहे, हे शब्द तोंडाशी आले होते. पण आई बूच काढून उभी होती, आणि आता तिच्या घरात वाचवायला मी एकटाच शिल्लक होतो. मी बाटली घेतली आणि तिच्यासमोर खुणेपर्यंत प्यालो. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. त्या सगळ्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर धीर आलेला मी तेवढाच एकदा पाहिला.