बाडीतलं पाणी कोणी काढायचं

सत्तरनंतरची सुरुवातीची वर्षं असतील. त्या भादव्यात माझे मालक काविळीनं गेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती, लेकरूबाळ नव्हतं. घरात मी आणि सासू, दोघीच. लोक म्हणायचे, ही रडत का नाही? आता काय सांगायचं! रडू यायला आत काहीतरी हलावं लागतं. माझ्या आत काही हलतच नव्हतं. भाजीत मीठ पडलं की राहिलं, ते सासूनं सांगितल्यावर मला समजायचं.

घरामागं बाडी होती. बाडी म्हणजे परसातली भाजीची जागा, आमच्याकडं तिला बाडीच म्हणतात. मालक होते तोवर तेच बघायचे. दिवाळीपर्यंत तिथं कमरेएवढं गवत झालं. सासूला ते बघवेना. तिनं गावातल्या बौद्ध मोहल्ल्यातल्या एका माणसाला बोलावणं धाडलं. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटक. पूर्वी ते मराराच्या, म्हणजे भाजी पिकवणाऱ्या माळ्याच्या, बाडीत कामाला होते. त्यांनी लावलेलं रोप मरत नाही, असं गावात सगळेच म्हणायचे. ठरलं असं की निघेल त्या भाजीतली अर्धी त्यांची, अर्धी आमची. त्यांच्या घरी खाणारी तोंडं सात. तेव्हा ही अर्धी भाजी त्यांच्यासाठी काही हौसेची गोष्ट नव्हती.

काम सांगताना सासू एका दमात बोलून गेली, "सून पानी काढून टाक्यात टाकीन, तू झाडाले घालजो." विहीर बाडीच्या कोपऱ्यात, टाकं तिला लागूनच. माझ्या मनाला तेव्हा काही वेगळं वाटलं नाही. आमच्या गावात असंच चालायचं. त्या घरचे लोक छप्पन सालापासून बौद्ध झाले होते, पण गावाच्या विहिरी होत्या तशाच राहिल्या होत्या.

तर रोज सकाळी मी वीस-पंचवीस बादल्या ओढायची. ते टाक्यातून पाणी घेऊन एकेका आळ्यात घालायचे. वांगी, मिरच्या, पालक, भेदरं म्हणजे टमाटे, आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्या लोकांसाठी सांगते. पहिली वांगी निघाली तेव्हा टोपलं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, माह्यासारखेच काळे निघाले जी, पन आतून गोड आहेत. मी हसावं म्हणून बोलले असतील. मी टोपलं उचललं आणि आत गेली. मागून सासू त्यांना म्हणाली, "भिताडाशी बोलून पाह्य, ते तरी आवाज देईन."

हिवाळा असा गेला. चैत्रात नणंदेचं बाळंतपण आलं, म्हणून सासू दिघोरीकडं गेली. पंधरा दिवसांचा वायदा होता. जाताना बजावून गेली, उन्हाळी भेंडी आणि चवळी नुकती वर आली आहे, पाणी चुकवू नको.

दोन दिवस मी पाणी काढलं. तिसऱ्या दिवशी नाही काढलं. ताप नव्हता, पाय दुखत नव्हते, कुणाचा राग नव्हता. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि उठलीच नाही. ते आले. कोरडं टाकं त्यांनी बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गवत निंदायला बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच. भेंडीची पानं दुपारी माना टाकायला लागली. मला ते दिसत होतं. दिसत होतं इतकंच.

त्याच्या पुढच्या सकाळी ते कावड घेऊन आले. कावडीला दोन पिपे. गावाबाहेरच्या बोडीवरून, म्हणजे लहान तळ्यावरून, पाणी भरून आणलं होतं. बोडी येऊन-जाऊन अर्धा कोस. आणि आमची विहीर त्या भेंडीपासून आठ पावलांवर, पाण्यानं भरलेली. तीन दिवस त्यांनी असं पाणी वाहिलं. सकाळी चार खेपा, संध्याकाळी तीन. खांद्यावर कातडं सोललं गेलं तेव्हा खाली फडकं ठेवलं. विहिरीजवळून जाताना ते जरा लांबून वळायचे. मी उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होती. एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे विहिरीतून का घेत नाहीत. आज सांगायला तोंड होत नाही, पण नाही आलं.

चौथ्या दिवशी कावड खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, विहीर आटली का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग तुमची तब्येत?"

"ठीक आहे. तुमीच काढा ना पानी."

ते म्हणाले, "मले कोनी काढ म्हनून सांगितलं नव्हतं जी."

"नोको काढू, असं तरी कोनी सांगितलं होतं?"

तेव्हा ते जरासे हसले. "ते सांगा लागत नाही, बाई." मग दोराकडं बघत म्हणाले, "मी काढतो. पन मंग तुमी पिसान का हे पानी?"

मी उत्तराची वाट बघत बसली. म्हणजे माझ्याच उत्तराची. शेवटी म्हटलं, "पिईन." जेवलीस का म्हटल्यावर जेवली म्हणावं, तसं.

त्यांनी हात धुतले आणि दोर घेतला. टाकं भरलं. माझ्या रांजणासाठी एक बादली भरून दारापाशी ठेवली, हात लांब करून. मी ती आत नेली आणि प्याली. पाणी पाण्यासारखंच होतं.

सासू पंधराच्या जागी महिन्यानं परत आली, तेव्हा भेंडी गुडघ्याएवढी झाली होती. तिला कौतुक वाटलं. पण सकाळी तिनं त्यांना विहिरीवर बघितलं आणि तिथंच उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "हे कोनाच्या हुकमानं?"

त्यांनी दोर गडगडीला नीट गुंडाळला आणि माझ्याकडं बघितलं. मी दारातच होती. चुलीवर भात होता, तो उतू जाईल की काय एवढंच माझ्या डोक्यात होतं. "मी सांगितलं, माझ्या सांगण्यावरून", एवढे चार शब्द मला म्हणायचे होते. मी भात बघायला आत वळली.

बाहेर आली तोवर ते निघाले होते. त्या दिवशीची अर्धी भाजीसुद्धा त्यांनी नेली नाही, टोपलं टाक्यावर ठेवून गेले. सासू पिण्याचं पाणी शेजारच्या विहिरीवरून आणायला लागली. गावच्या जत्रेपर्यंत तसंच चाललं, मग थकली आणि पुन्हा आमच्याच विहिरीवर आली. ते पुन्हा बाडीत आले नाहीत, भेंडी त्याआधीच पाण्यावाचून वाळून गेली.

मी मात्र पहिल्या दिवसापासून त्याच विहिरीचं पाणी पीत होती. एक दिवस चुकवला नाही. त्यांना ते कधी समजलं नाही. सांगणार कोण? सांगायचं ते मीच.