दादाने ढोल उतरवला की…

माझ्या धाकट्या बहिणीला सांभाळायला म्हणून मला ढोलपथकात घातलं गेलं.

अश्विनी एकवीस वर्षांची, मी तेवीसचा. विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवायचा हट्ट तिचा. आई म्हणाली, "पोरीच्या कमरेला एवढं ओझं झेपायचं नाही. दादा शेजारी हवा. आणि त्याने ढोल उतरवला, की तूही उतरवायचा. मी मावशीच्या गॅलरीतून बघणार आहे."

मावशी मेनरोडला राहते. मिरवणूक जिथून निघते त्या वाकडी बारवेपासून पायी दहा मिनिटं, मिरवणुकीतून चार तास. पण मला काय धाड भरली होती? वर्षभर जिमला जात होतो (दंडाचे फोटोही होते).

मी सुरुवातीलाच असा काही ढोल बडवला, की पुढचे ताशेवाले वळून बघू लागले!

"दादा, जरा दमाने," अश्विनी म्हणाली.

"तू तुझं बघ."

अर्ध्या तासात माझे दंड माझे राहिले नाहीत. तासाभरात टिपरू ढोलाऐवजी मांडीवर बसू लागलं. अश्विनी मात्र एका लयीत वाजवत होती. मिनिटभर थांबायची, दोन घोट पाणी प्यायची की पुन्हा ताजीतवानी. मी मिनिटभर थांबलो की तिथेच झोपावंसं वाटायचं.

"दादा, तू पडलास तर माझ्या दोन महिन्यांच्या प्रॅक्टिसवर पाणी पडेल. उभा राहा."

"उभाच आहे."

"वाकलायस. वाजवू नकोस, नुसते हात हलव."

असे हात हलवत मी मेनरोड गाठला. गॅलरीतल्या आईला हात करायला मान वर केली आणि ढोलासकट खाली बसलो.

अश्विनीने एका हाताने माझ्या पाठीचा दोर धरून मला उभं केलं. स्वतःचा ढोल कमरेला असताना! दुसऱ्या हाताने ती वाजवतच होती. मला लाज वाटायला हवी होती, पण मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिलो. इतका अभिमान मला माझ्या दंडांचाही कधी वाटला नव्हता.

आई गर्दीतून वाट काढत आली. तिने माझा ढोल उतरवला. अश्विनीचा चेहरा पडला, हात थांबला.

"तू का थांबलीस? वाजव," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पुढच्या वर्षी तिला एकटीला पाठवू. तू माझ्याजवळ मोदक वळायला बस."

आता मी मोदक वळतो. कळ्याही बऱ्या पडतात. फक्त अकराव्या मोदकानंतर जरा आडवं व्हावं लागतं.