बहिणीचे पुसलेले भाग

टेपकाका पहिल्यांदा नजरेत भरले, ते त्यांच्या थोरल्या बहिणीच्या दारात चपला काढता काढता थबकलेले. आत कॅसेटवर तिचं जुनं गाणं लागलं होतं. ती टीव्हीच्या मालिकेत गायची आणि काका त्याच टीव्ही केंद्रात टेपा सांभाळायचे. टेपांचा तुटवडा पडला, तेव्हा त्याच टेपा पुन्हा वापरायला जुने भाग पुसायचा हुकूम आला. बहिणीचं तेवढं राखलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी तिचेच भाग आधी पुसले. उरला तो नुसता आवाज, मेहुण्यांनी घरी टीव्हीपुढे रेकॉर्डर धरून टिपलेला.

“ताई, ते भाग मीच पुसले गं.”

“ठाऊक आहे. तेव्हापासून माझ्या नजरेला नजर देत नाहीस. ये आत, शहाण्या.”

काका आता रोज येतात. गाणं लागलं की मात्र गॅलरीत जाऊन उभे राहतात.